निर्यातीच्या परवान्याबरोबरच नावाचे संरक्षण द्या: केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय: लहान निर्यातदारांच्या ट्रेडमार्कची परदेशातील नोंदणी आणि त्यासाठी करावयाची व्यवस्था

महोदय,

सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून हळद, मसाले, आंब्याचा पल्प, काजू आणि कोकम सरबत परदेशी पाठवणाऱ्या लहान उत्पादकांच्या ट्रेडमार्कची कामे मी व्यवसाय म्हणून करतो. या कामात एक प्रकार इतक्या सातत्याने समोर येतो की त्याला अपवाद म्हणण्याची सोय उरलेली नाही. माल परदेशात पोचलेला असतो, दुकानांतून खपत असतो, ग्राहक नाव घेऊन तो मागत असतात. आणि त्या देशात ते नाव उत्पादकाच्या मालकीचे नसते. हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण असे की, निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात कोड देणारे विदेश व्यापार महासंचालनालय आणि ट्रेडमार्कची नोंदणी करणारी रजिस्ट्री ही दोन्ही कार्यालये आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. या दोन कार्यालयांमध्ये आज दुवा नाही. तो जोडला जावा, ही माझी मुख्य मागणी आहे, आणि ती का करतो आहे हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

नाव कसे जाते ते आधी सांगतो, कारण बहुतेक वेळा सुरुवातीला कोणाचाही हेतू वाईट नसतो. आखाती देशातला एक आयातदार मालाचे नमुने मागवतो, माल पसंत पडतो, पहिला कंटेनर जातो. तिथल्या खाद्य विभागाकडे मालाची आणि लेबलची नोंद करणे हे आयातदाराचेच काम असते, आणि त्या कागदपत्रांबरोबर तो ट्रेडमार्कचा अर्जही स्वतःच्या नावाने करून टाकतो. इकडच्या उत्पादकाला याची कल्पना नसते. असली तरी ‘आपला माणूस सगळे पाहतो आहे’ असे समाधान त्याला वाटते. दोन-तीन वर्षांनी दरावरून किंवा उधारीवरून बिनसते, उत्पादक दुसरा वितरक शोधतो, आणि तेव्हा पहिल्या वितरकाच्या वकिलाची नोटीस येते. नोंदणी त्याच्या नावावर असल्याने तिथल्या कायद्याच्या दृष्टीने हक्कदार तो असतो आणि मूळ उत्पादकाचा माल नक्कल ठरतो. सीमाशुल्क विभागाकडे तक्रार गेली की कंटेनर बंदरात अडकतो. ज्याच्या आजोबांनी ते नाव ठेवले, ज्याच्या कारखान्यात तो मसाला कांडला जातो, त्याला स्वतःच्याच नावाने माल उतरवता येत नाही.

‘पण आमचे नाव इथे नोंदलेले आहे,’ हे वाक्य मी अशा प्रत्येक प्रसंगी ऐकतो. ट्रेडमार्कचा हक्क ज्या देशात नोंदला त्या देशाच्या हद्दीपुरता असतो, ही या कायद्यातली पहिली गोष्ट आणि आपल्या उत्पादकांपर्यंत सर्वांत कमी पोचलेली गोष्ट. तिची ताकद कळण्यासाठी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा १४ डिसेंबर २०१७ चा निकाल पुरेसा आहे. टोयोटाने ‘प्रियस’ ही मोटार १९९७ मध्ये जपानमध्ये बाजारात आणली. इकडे दिल्लीतील सुट्या भागांचा एक उत्पादक २००१ पासून तेच नाव वापरत होता आणि त्याने ते नोंदवूनही घेतले होते. टोयोटाने दावा लावला तेव्हा न्यायालयाने असे पाहिले की, २००१ मध्ये भारतातल्या ग्राहकांमध्ये या नावाची ओळख पुरेशी पसरलेली होती का. जगभरातला लौकिक पुरेसा नाही, तो या देशात पोचल्याचा पुरावा हवा, असे ठरले आणि ‘प्रियस’ या नावापुरती टोयोटा हरली. त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये व्हर्लपूलच्या बाजूने, सीमेपलीकडून आलेला लौकिक मान्य करणारा निकाल दिला होता. तेव्हा व्हर्लपूलला आपला लौकिक इथे पोचल्याचे दाखवता आले, टोयोटाला आले नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांची जिथे पुराव्यावर हार-जीत ठरते, तिथे इस्लामपूरच्या मसाल्याचा भारतातला लौकिक अबुधाबीत किंवा टोरांटोत काय कामाचा ठरणार?

बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाला जोडलेल्या एका तरतुदीनुसार, एजंटाने किंवा प्रतिनिधीने मालकाच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावाने केलेल्या नोंदणीला मालक आव्हान देऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. आपण १९९८ पासून त्या करारात आहोत. परंतु ते आव्हान त्या देशात, त्या देशाच्या वकिलामार्फत, त्याच्या भाषेत आणि त्याच्या चलनात द्यावे लागते. शिवाय समोरचा माणूस नुसता खरेदीदार होता की प्रतिनिधी होता, हे सिद्ध करावे लागते. आपल्याकडचा बहुतेक व्यवहार व्हॉट्सॲपवरच्या संदेशांवर आणि शब्दावर चालतो. वितरणाचा लेखी करार नसतो, असला तर त्यात नावाच्या मालकीचे कलम नसते. वर्षाला चार-पाच कंटेनर पाठवणारा माणूस अशा खटल्यात उतरतच नाही. तो नाव बदलतो आणि शून्यापासून सुरुवात करतो, किंवा ती बाजारपेठ सोडून देतो.

ही अडचण केवळ लहानांची आहे असेही नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाला, जो संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला आहे, ‘खादी’ या शब्दासाठी युरोपात एका जर्मन कंपनीशी झगडावे लागले, कारण त्या कंपनीने हा शब्द तिथे आधी नोंदवला होता. जुलै २०२१ मध्ये आयोगाला भूतान, संयुक्त अरब अमिराती आणि मेक्सिको या देशांत नोंदणी मिळाली, तेव्हा इतर अनेक देशांत अर्ज प्रलंबित असल्याचेही आयोगाने जाहीर केले होते. स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेला हा शब्द परदेशात आपला म्हणून नोंदवायला आपण इतका उशीर केला, याची मला मनापासून खंत वाटते. चहा मंडळाचा अनुभवही असाच आहे. ‘दार्जिलिंग’ हे नाव अंतर्वस्त्रांसाठी वापरणाऱ्या फ्रेंच कंपनीविरुद्ध मंडळ थेट युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे हरले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आमच्या भागात फार पसरला आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला मिळाले, आणि त्यामुळे ‘आता आपले नाव सुरक्षित आहे’ असे पुष्कळ उत्पादक धरून चालतात. मानांकन हे त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे सामाईक असते. बरणीवर छापलेले एकेकाचे नाव त्याने राखले जात नाही. शिवाय तेही भारताच्या हद्दीपुरतेच. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा इथे संताप झाला आणि तो योग्यच होता, परंतु इटलीत बजावता येईल असा हक्क आपल्या मानांकनातून निघत नव्हता.

आता मार्गाकडे वळतो, कारण मार्ग उपलब्ध आहे. ८ जुलै २०१३ पासून भारत माद्रिद प्रोटोकॉलचा सदस्य आहे. इथल्या रजिस्ट्रीमार्फत एकच अर्ज जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो आणि त्यात हव्या त्या सदस्य देशांची नावे नमूद करता येतात. अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, चीन, ऑस्ट्रेलिया त्यात आहेतच. कॅनडा २०१९ मध्ये आला, संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ मध्ये, कतार ऑगस्ट २०२४ मध्ये. आमच्या निर्यातदारांना विशेष जवळचा मॉरिशस मे २०२३ मध्ये आला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे. नेपाळ आणि दक्षिण आफ्रिका यांसारखे काही देश अजून बाहेर असल्याने तिथे थेट स्थानिक वकिलामार्फतच अर्ज करावा लागतो. तरीही आपला माल जिथे प्रामुख्याने जातो ते बहुतेक देश या एका अर्जात येतात. मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, आणि चिन्ह रंगीत असेल तर ९०३. त्यात मालाचे तीन वर्ग सामावतात, म्हणजे पल्पचा २९ वा, मसाल्यांचा ३० वा आणि सरबताचा ३२ वा वर्ग एकाच अर्जात बसतो. त्यावर प्रत्येक देशाचे शुल्क आणि इथल्या रजिस्ट्रीचे पाच हजार रुपये. निरनिराळ्या देशांत स्वतंत्र वकील नेमण्याच्या मानाने हा खर्च कितीतरी कमी आहे. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केला तर मूळ भारतीय तारखेचा अग्रक्रमही मिळतो, म्हणजे तो अर्ज त्याच तारखेला केल्यासारखा धरला जातो, आणि ज्या देशांत आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो, विशेषतः चीनमध्ये, त्या तारखेवरच सगळे अवलंबून असते.

मात्र या इमारतीचा पाया इथला अर्ज आहे, आणि खरी दुखणी तिथे आहेत. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षे मूळ भारतीय अर्जावर किंवा नोंदणीवर अवलंबून असते. त्या काळात सुरू झालेल्या हरकतीमुळे किंवा रद्द करण्याच्या कारवाईमुळे मूळ चिन्ह पडले, मग तो निकाल पाच वर्षांनंतर लागला तरी, सगळ्या देशांतली नोंदणी त्याच्याबरोबर कोसळते. अशा वेळी तीन महिन्यांत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्जात रूपांतर करून जुनी तारीख वाचवता येते. पण मग प्रत्येक देशाचे शुल्क आणि वकील नव्याने. म्हणून मी ग्राहकांना सांगतो की, इथली नोंदणी हातात आल्यावरच बाहेर पाऊल टाकणे सुरक्षित. त्यावर त्यांचा प्रश्न असतो की ती कधी येईल, आणि याचे उत्तर मला देता येत नाही. हरकत आली नाही तर ठीक. पण रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये अर्जाची प्रसिद्धी झाल्यावर चार महिन्यांत कोणी हरकत नोंदवली, मग ती कितीही फुटकळ असो, तर प्रकरण वर्षानुवर्षे सुनावणीची वाट पाहत राहते. अग्रक्रमाचे सहा महिने तर केव्हाच उलटून गेलेले असतात.

महोदय, इथे मला एक विसंगती आपल्या निदर्शनास आणायची आहे. परदेशी कंपनी जेव्हा माद्रिद पद्धतीने भारतात संरक्षण मागते, तेव्हा आपल्या रजिस्ट्रीला १८ महिन्यांच्या आत आपला आक्षेप जिनिव्हाला कळवावा लागतो. कळवला नाही तर त्या चिन्हाला संरक्षण मिळाल्याचे मानले जाते. २०१० च्या ज्या दुरुस्तीने हा मार्ग उघडला, तिनेच ट्रेडमार्क कायद्याच्या २३ व्या कलमात देशी अर्जांसाठीही १८ महिन्यांची मुदत घातली. फरक असा की, देशी अर्जाची मुदत चुकली तर काहीच घडत नाही. म्हणजे परदेशी अर्जदारासाठी घड्याळ खरोखर चालते आणि आपल्या उत्पादकासाठी ते कागदावर राहते. मी रजिस्ट्रीच्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्यावरचा अर्जांचा भार मी जवळून पाहतो. मी मुदतीला अर्थ देण्याची विनंती करतो आहे.

दुसरे दुखणे घरातले आहे आणि ते शासनाच्या माहितीत असायला हवे. माद्रिद अर्जाचा अर्जदार आणि इथल्या मूळ चिन्हाचा मालक हे एकच असावे लागतात. आमच्याकडे नाव आजोबांच्या किंवा वडिलांच्या वैयक्तिक मालकीत नोंदलेले असते, कारखाना भागीदारी संस्थेचा असतो, आणि निर्यात मुलाने काढलेल्या खासगी मर्यादित कंपनीतून चालते. वाटण्या होतात त्यात जमीन, मशिनरी, गाळे यांचे कागद होतात. नावाचे होत नाहीत. आजोबा गेल्यावर वारसांच्या सह्या गोळा करून नाव कंपनीकडे हस्तांतरित करणे, त्याची रजिस्ट्रीत नोंद होणे, यात महिने जातात, आणि भावाभावांत वाद असेल तर तेही होत नाही. परदेशी वितरकाने नाव घेतल्याचे कळते तेव्हा आम्ही इथे अजून मालक कोण हे ठरवत असतो.

तिसरी अडचण चिन्हाच्या रूपाची. बाहेर जे चिन्ह मागायचे ते इथल्या चिन्हाशी तंतोतंत जुळावे लागते. अनेकांची नोंदणी देवनागरीतल्या नावासह, लाल-पिवळ्या लेबलसकट, देवाच्या चित्रासकट झालेली असते. परदेशी पाकिटावर मात्र रोमन लिपीतले नाव असते. त्या नावासाठी इथे वेगळा अर्ज नसेल तर माद्रिदमध्ये ते मागताच येत नाही. एक साधे शब्दचिन्ह, म्हणजे चित्राशिवाय नुसते नाव, रोमन लिपीत आधीच नोंदवून ठेवले असते तर हा प्रश्न उद्भवला नसता. पण हे सांगणारे तालुक्याच्या गावी कोणी नसते. जिल्हा उद्योग केंद्रात कर्जाची, अनुदानाची माहिती मिळते. ही मिळत नाही.

नोंदणी झाल्यावरही काही गोष्टी पाळाव्या लागतात. अमेरिकेसाठी अर्जाबरोबर वापराच्या प्रामाणिक हेतूचे स्वतंत्र घोषणापत्र लागते आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर सहाव्या वर्षात प्रत्यक्ष वापराचा पुरावा सादर करावा लागतो. तो केला नाही तर तिथले संरक्षण संपते. दर दहा वर्षांनी नूतनीकरण असते. हे सगळे ई-मेलवर, इंग्रजीतून येते आणि बरेचदा जुन्या सल्लागाराच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जाते.

या पार्श्वभूमीवर माझी पहिली विनंती अशी. प्रत्येक निर्यातदाराला आयात-निर्यात कोड घ्यावाच लागतो. पाचशे रुपयांत तो ऑनलाइन मिळतो. सगळे निर्यातदार पहिला कंटेनर निघण्यापूर्वी ज्या एका दारातून जातात, ते हे दार. तिथेच अर्जात दोन प्रश्न विचारावेत: आपण कोणत्या नावाने माल विकणार आहात, आणि ते नाव भारतात व ज्या देशात माल जाणार तिथे आपल्या नावावर नोंदलेले आहे का? उत्तर नाही असे आले तर कोड अडवू नये, पण त्याच क्षणी मराठीसह त्या-त्या राज्याच्या भाषेत स्पष्ट माहिती द्यावी: हक्क देशापुरता असतो, वितरकाशी लेखी करार करा आणि त्यात नावाची मालकी लिहा, मालक आणि निर्यातदार एकच ठेवा, रोमन शब्दचिन्ह वेगळे नोंदवा, सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे कार्यालयही लागत नाही.

दुसरी विनंती रजिस्ट्रीबाबत आहे. २०१७ च्या ट्रेडमार्क नियमांत अर्जाच्या जलद तपासणीची सोय आहे, पण त्यासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना प्रत्येक वर्गामागे वीस हजार रुपये भरावे लागतात, जिथे साध्या ई-अर्जाचे शुल्क साडेचार हजार आहे. कोड घेतलेल्या लहान निर्यातदाराने माद्रिद अर्जाचा आधार म्हणून केलेल्या मूळ अर्जाला ही सोय त्या जादा शुल्काशिवाय मिळावी, आणि अशा अर्जावर हरकत आल्यास तिची सुनावणी ठरावीक मुदतीत व्हावी.

तिसरी विनंती पैशाची, आणि ती करताना मी संकोच करत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या योजनेत परदेशी पेटंटसाठी पाच लाखांपर्यंत प्रतिपूर्ती आहे, ट्रेडमार्कसाठी मात्र दहा हजारांपर्यंत. माद्रिदचे मूळ शुल्कच आजच्या दराने साठ हजार रुपयांच्या पुढे जाते. मसाला, लोणचे, पल्प करणाऱ्या उत्पादकाकडे पेटंट नसते. त्याच्याकडे जे काही बौद्धिक धन आहे ते त्याचे नाव असते. आपण त्या मंत्रालयाशी बोलून परदेशी ट्रेडमार्कसाठी स्वतंत्र मर्यादा ठरवून घ्यावी, आणि ती रक्कम नंतरची प्रतिपूर्ती म्हणून न देता अर्जाच्या वेळीच शुल्कातून वळती व्हावी. आधी खर्च करून मग परताव्याची वाट पाहणे ज्याला परवडते, त्याला या मदतीची गरज सर्वांत कमी असते.

पहिल्या विनंतीला कोणताही मोठा खर्च नाही आणि ती एका परिपत्रकाने अमलात येऊ शकते. म्हणून तिच्यावरचा निर्णय आधी घ्यावा, आणि कोडच्या अर्जात हे दोन प्रश्न कधीपासून विचारले जातील याची तारीख आपल्या मंत्रालयाने जाहीर करावी, अशी विनंती करतो. मराठीतली माहिती तयार करण्याच्या कामात माझी आणि या क्षेत्रातल्या माझ्या सहकाऱ्यांची मदत हवी असल्यास ती आम्ही विनामूल्य देऊ.

आपला विश्वासू,
एक ट्रेडमार्क एजंट
सांगली

प्रत माहितीसाठी: पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क महानियंत्रक, मुंबई, महासंचालक, विदेश व्यापार, नवी दिल्ली